सगळेच घेतात, मग मीच वेगळा का?

प्रश्न: ताई, मी फर्स्ट इयरला आहे, होस्टेलवर राहतो. वीकेंडला रूममधली पोरं दारू प्यायला बसतात, मला नकोसं वाटतं पण नाही म्हटलं की चिडवतात. सगळेच घेतात, काय करू?

उत्तर: अरे, ते "सगळेच" आहे ना, तिथेच गोची आहे. प्रेंटिस आणि मिलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या पोरांना हेच विचारलं होतं, १९९३ साली छापून आलंय, तर बहुतेकांचं म्हणणं काय, की बाकीच्यांना दारूचं काही वाटत नाही, मलाच अवघडल्यासारखं होतं! तुमच्यातही कोणीतरी तासभर तोच ग्लास फिरवत बसलेला असेल, नीट बघ. तू सोडा घेऊन बस, आग्रह रिकाम्या ग्लासालाच होतो. आणि एखादा हाक मारूनही उठेना झाला तर कॉफी, गार पाणी असले उद्योग नकोत, लिव्हर आपल्याच स्पीडने चालतं आणि पोटातली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते. त्याला कुशीवर वळव, एकटं सोडू नको, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलव, वॉर्डन ओरडेल तर ओरडू दे.