वाचक विचारतात : अलार्म झाला, तरी दार उघडंच

प्रश्न : आमच्या सात मजली ऑफिस इमारतीत जिन्याची फायर डोअर (आग-धूर अडवणारी दारं) मॅग्नेटवर उघडी धरलेली आहेत, अलार्म झाला की ती सुटून मिटायला हवीत. इलेक्ट्रिशियनने मॅग्नेटच्या वायरी फायर अलार्म पॅनलच्या हूटरच्या (भोंग्याच्या) टर्मिनलला जोडल्या. आता मॅग्नेट दार धरतच नाहीत. मॅग्नेट खराब असतील का?
– इमारत व्यवस्थापक, ठाणे

मॅग्नेट ठीक असावेत, जागा चुकली आहे. हूटरच्या टर्मिनलवर एरवी २४ व्होल्टचा कामाचा पुरवठा नसतो. तिथे वायर शाबूत आहे का हे तपासण्यापुरता, उलट्या दिशेचा बारीक करंट फिरत असतो. खरा पुरवठा अलार्म झाल्यावरच येतो. डोअर होल्डरचं, म्हणजे दार धरणाऱ्या मॅग्नेटचं काम नेमकं याच्या उलट आहे. एरवी वीज हवी आणि अलार्मला ती जायला हवी.

त्यासाठी पॅनलचा अलार्म रिले, म्हणजे अलार्म झाला की आपोआप पलटणारा स्विच वापरायचा. त्याला कॉमन, एनओ (एरवी तुटलेलं) आणि एनसी (एरवी जुळलेलं) अशी तीन टर्मिनलं असतात. कॉमन-एनसी एरवी जुळलेले असतात, अलार्मला तुटतात. बरेच जण मॅग्नेटचा प्लस सरळ या एनसीमधून नेतात आणि मोकळे होतात. यात दोन खोट आहेत. पॅनलचाच पुरवठा गेला, तर अलार्म रिले जागचा हलत नाही, एनसी जुळलेलाच राहतो. मॅग्नेटचा पुरवठा वेगळा असेल, तर पॅनल मेलं तरी दारं उघडी राहतात. दुसरं असं की पॅनलच्या रिलेचे संपर्क बहुधा १ अँपिअरच्या आसपासचेच असतात. मॅग्नेटच्या कॉइलची वीज तुटताना ठिणगी पडते, संपर्क हळूहळू चिकटतात, आणि चिकटले की दार सुटत नाही.

म्हणून मध्ये २४ व्होल्टचा एक जादा रिले घाला. पॅनलच्या ऑग्झिलरी (जोड उपकरणांसाठीच्या) २४ व्होल्टचा प्लस अलार्म रिलेच्या कॉमनला, एनसीमधून जादा रिलेच्या कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक पॅनलच्या मायनसला. हा रिले एरवी ओढलेला राहील, म्हणजे त्याचा एनओ जुळलेला असेल. मॅग्नेटचा प्लस वेगळ्या एसएमपीएसवरून (मेनच्या विजेपासून २४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवरून) फ्यूजमार्गे या जादा रिलेच्या कॉमनला आणि तिथून एनओमधून मॅग्नेटकडे न्या. आता अलार्म होवो, पॅनल बंद पडो, कॉइलची वायर तुटो, दार मिटणारच. एसएमपीएसचा मायनस पॅनलच्या मायनसला किंवा अर्थला जोडू नका. नाहीतर पॅनलवर अर्थ फॉल्ट (वायर जमिनीला टेकल्याचा इशारा) दिसेल आणि दोन दिवस वायरी हुडकत बसावं लागेल.

प्रोग्रॅमिंगही बघून घ्या. अलार्म रिले हूटरच्या मागे चालणारा ठेवला असेल, तर कोणी हूटर बंद केला की मॅग्नेटला पुन्हा वीज मिळते. पॅनल रिसेट होईपर्यंत हा रिले अलार्ममध्येच राहिला पाहिजे.

प्रश्न : १६ मॅग्नेट आहेत, प्रत्येकी ६५ मिलिअँपिअर. पॅनलच्या ऑग्झिलरीवर ५०० मिलिअँपिअर लिहिलंय. शेवटचं दार ९० मीटरवर आहे. १.५ चौरस मिलिमीटरची केबल चालेल?
– फायर अलार्म ठेकेदार, नाशिक

एकूण १.०४ अँपिअर होतात, म्हणजे ऑग्झिलरी बाद. २४ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस घ्या, फ्यूज २ अँपिअरचा. १.५ च्या तांब्याच्या एका कोअरला (केबलमधल्या एका तारेला) किलोमीटरला साधारण १२ ओहम रोध असतो. जाऊन-येऊन १८० मीटरला सुमारे २.२ ओहम. सगळा भार टोकाला धरला, तर २.३ व्होल्ट गळतील आणि टोकाला २१.७ उरतील. पुष्कळ मॅग्नेटना १० टक्के घट चालते, म्हणजे २१.६ पर्यंत. अगदी काठावर. २.५ ची केबल घ्या, गळती दीड व्होल्टच्या आत राहते. किंवा दोन वेगळ्या लाइन काढा.

वीज तुटताना ठिणगी पडू नये म्हणून प्रत्येक मॅग्नेटवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसला. जादा रिलेच्या कॉइललाही एक. काही मॅग्नेटमध्ये तो आतच असतो, आधी त्याचं माहितीपत्रक वाचा. उलटा लावलात तर फ्यूज उडेल.

प्रश्न : लाइट गेली की सगळी दारं धडाधड मिटतात. रहिवासी वैतागतात. पॅनलच्या बॅटरीवर मॅग्नेट घेऊ का?
– सोसायटी सचिव, पुणे

नको. तुमचेही वरच्याइतकेच मॅग्नेट असतील, तर ७ अँपिअर-अवरची बॅटरी एकट्या मॅग्नेटवर सहा-सात तासांतच संपेल आणि मग पॅनलला काहीच उरणार नाही. लाइट गेल्यावर दार मिटणं हा बिघाड नाही. तरी सोय हवीच असेल, तर एसएमपीएसला छोटा यूपीएस द्या. रिले मात्र यूपीएसच्या पुढेच, मॅग्नेटच्या बाजूला हवा.

प्रश्न : चाचणीत मॅग्नेटची वीज जाते, तरी तीन दारं पूर्ण मिटत नाहीत.
– हॉस्पिटलचा देखभाल विभाग, कोल्हापूर

आधी मॅग्नेटवर मीटर लावा. अलार्ममध्ये शून्य व्होल्ट असूनही दारावरची लोखंडी पट्टी मॅग्नेटला चिकटून राहत असेल, तर लोखंडात चुंबकत्व शिल्लक राहतंय. पट्टी सोडवणारी स्प्रिंगची पिन कोणीतरी काढलेली असते किंवा ती रंगात बसलेली असते. मॅग्नेट पल्ल्याच्या खाली आणि क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र) वर असेल, तर पल्ला पिळला जातो. मॅग्नेट वरच्या बाजूला घ्या.

सुटूनही दार अर्धवट थांबत असेल, तर क्लोजर ढिला आहे, कुलपाची जीभ अडते आहे किंवा जिन्याचा प्रेशरायझेशन पंखा (धूर शिरू नये म्हणून जिन्यात हवा भरणारा) दार मागे ढकलतो आहे. हे शेवटचं कारण पंखा बंद ठेवून घेतलेल्या चाचणीत कधीच सापडत नाही. पंखा चालू ठेवूनच बघा. दोन पल्ल्यांच्या दाराला आधी कोणता पल्ला मिटायचा हे ठरवणारा कोऑर्डिनेटर नसेल, तर मधली फट झाकणारी पट्टी असलेला पल्ला आधी बसतो आणि दुसरा बाहेरच राहतो.

महाराष्ट्रात दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावाच लागतो. त्याच दिवशी डिटेक्टरला धूर देऊन एकेका मजल्यावर ही दारं सोडून बघायला सांगा, आणि पॅनलचा मेन स्विच व बॅटरी दोन्ही काढूनही एकदा.