अम्मीलाच अरबी वाचता येत नाही, मग मुलांना काय शिकवू?

पत्र :

आपा, सलाम. माझं माहेर बार्शी तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. सासर सोलापुरात. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात, बहुतेक रातपाळी. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. मला नमाजेपुरत्या सुरा, म्हणजे कुरआनातले अध्याय, तोंडपाठ आहेत, पण कुरआन उघडून वाचता येत नाही. सासूबाई विड्या वळतात, मुलं त्यांच्याजवळच असतात. त्या म्हणतात, "मां कू च नै आता, बच्च्यां कू क्या सिकाती?" मुलगा अस्रच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजेनंतर अरबी शिकायला जायचा, तिथं चुकलं की छडी. महिनाभर झाला, जायची वेळ झाली की त्याचं पोट दुखतं. सासूबाई जहन्नमच्या आगीचं सांगतात, तो रात्री दचकून उठतो. "नमाज चुकली तर अल्लाह जाळणार का?" विचारतो. मध्येच विचारतो, अल्लाह दिसतो कसा? मी गप्प. शाळेतला दोस्त सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला चल म्हणतो, त्यावरही घरात वाद. मी शिकवू काय आणि सुरुवात कुठून करू?

— एक आई, सोलापूर

उत्तर :

वालेकुम सलाम, बेटी. तुझं पत्र चार पानी होतं, इथं थोडक्यात आणलंय. राग मानू नकोस.

आधी पोटदुखी. पोट रोज अस्रच्याच वेळी दुखत असेल आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नसेल, तर औषधाच्या बाटलीनं ते थांबायचं नाही. मी मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. गणिताच्या तासाला दुखणारी असली पोटं खूप बघितली, आणि खोटं सांगू नये, त्यातली दोन-चार माझ्याच हातातल्या पट्टीमुळं दुखायची. मिस्टरांनी कामावर निघण्याआधी उस्तादांना भेटावं. आदबीनं बोलावं, पण सरळ बोलावं : पोराला मारू नका. नाही ऐकलं तर मशिदीच्या ट्रस्टींच्या कानावर घालावं, आणि तरीही फरक नाही पडला तर दुसरीकडं घालावं. अरबी शिकवणाऱ्यांची सोलापुरात वानवा नाही. हे काम तुझ्या एकटीच्या गळ्यात नको, बापानंच करावं. जुम्याला, शुक्रवारच्या नमाजेला, मुलाला बरोबर नेणंही त्यांच्याकडंच दे.

सासूबाई हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, काढतील : सातव्या वर्षी नमाजेला सांगा आणि दहाव्या वर्षी मारा. अशी हदीस आहे, नाही म्हणता यायचं नाही. पण लोकांच्या लक्षात तिचा शेवटचा शब्दच राहतो. सात ते दहा म्हणजे तीन वर्षं, दिवसाला पाच नमाजा. हिशेब कर, पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं सांगायचं, बोलवायचं, शेजारी उभं करायचं. तुझा मुलगा नऊचा आहे. त्याला प्रेमानं किती वेळा बोलावून झालं? पाचशे तरी झालं का? आणि पुढच्या मारण्यालाही उलेमांनी अटी घातल्यात, इजा नको, वळ नको, चेहऱ्याला हात नको. एवढ्या अटींत छडी कुठं बसते, मला तरी दिसत नाही. हजरत अनस लहानपणापासून पैगंबरांच्या घरी दहा वर्षं होते. ते सांगतात, मला कधी 'उफ्' म्हणाले नाहीत, हे का केलंस, ते का नाही केलंस, असंही विचारलं नाही. सासूबाईंना ही हदीस ऐकव. भांडणाच्या सुरात नको, भाकरी वाढता वाढता.

आता रात्रीचं दचकणं. त्याला आजच सांग की तीन जणांवरून लेखणी उचललेली आहे : झोपलेला उठेपर्यंत, वेडा शुद्धीवर येईपर्यंत, आणि लहान मूल वयात येईपर्यंत. ही पण हदीसच आहे. म्हणजे त्याच्या चुका अजून लिहिल्याच जात नाहीत. कुरआनात ११४ सुरा आहेत, त्यातली एक सोडली तर प्रत्येकीच्या सुरुवातीला रहमान आणि रहीम, म्हणजे दयाळू आणि कृपाळू, ही दोन नावं येतात. मग आपण पोराला पहिली ओळख आगीची का करून द्यावी? आखिरत, म्हणजे मेल्यानंतरचं जग, आहे, हिशेब आहे, ते शिकवायचंच आहे, पण त्याला वय लागतं. वजाबाकी यायच्या आधी मी कुणाला भागाकार शिकवला नाही.

सासूबाईंशी मात्र वाकडं घेऊ नकोस. सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या म्हातारीजवळ दोन मुलं आपणहून बसतात, असा वर्ग मला पगार घेऊनही मिळाला नसता. त्यांना काम दे. "अम्मा, युनूस अलैहिस्सलाम माशाच्या पोटात काय म्हणाले ते सांगा ना." मग मूसांची टोपली, इब्राहीमांनी फोडलेले बुत, तापल्या वाळूवर छातीवर दगड ठेवलेले बिलाल. बिलालांचं सोलापूरच्या मे महिन्यात सांगायला लाव, पोरं ऊन सोसून ऐकतात. पैगंबर, फरिश्ते, किताबा, कयामत हे सगळं इमाने मुफस्सलमध्ये, मुलांकडून पाठ करून घेतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, एका ओळीत आहे आणि ते पाठ होईलच. पण पाठ झालेल्या शब्दाला चेहरा गोष्टीनं येतो.

अल्लाह दिसतो कसा? दिसत नाही, एवढंच सांग. हवेची, उजेडाची उपमा देत बसू नकोस. मी दिली होती. अल्लाह वाऱ्यासारखा, असतो पण दिसत नाही, म्हणाले, तर माझा धाकटा छताकडं बघून म्हणाला, "मग पंख्यातून येतो का?" त्या रात्री सूरह इखलास त्याला मराठीत सांगितली. चारच आयती आहेत : तो एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याला मूल नाही आणि तो कुणाचं मूल नाही, त्याच्यासारखं कुणीच नाही. ज्याच्यासारखं कुणीच नाही त्याचं चित्र काढणार कसं, हे त्याचं त्यालाच उमगलं. तुमच्या घरी ही सुरा रोज म्हटली जात असेल. फक्त अर्थ कुणी सांगितला नसेल. मराठीत कुरआनचं भाषांतर मिळतं, ते घरात असू दे. तुझं मराठी चांगलं आहे, पत्रावरून कळतं. ते सोडून परक्या उर्दूत मुलांना धर्म सांगायला जाशील तर तूही अडखळशील आणि तीही.

वजू, म्हणजे नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं, धाकटीपासून सुरू कर. सहा वर्षांच्या मुलीला पाण्याचं काम दिलं की ती नाही म्हणत नाही. आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुला माहीत, तेव्हा नळ सोडून वजू नको, तांब्या घे. पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करायचे, म्हणजे मोठ्या माणसाच्या भरल्या ओंजळीएवढं पाणी. तिला तांब्यात तेवढंच दे आणि बघ म्हणावं, पाय धुवायला उरतं का. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावर ओला हात, पाय. पहिल्या आठवड्यात तोंडावरच संपेल. दुसऱ्या आठवड्यात ती भावाला म्हणेल, तू पाणी वाया घालवतोस.

नमाज एकच धर, मगरिब. फर्ज, म्हणजे सक्तीच्या, फेऱ्या तीनच, घरात सगळे जागे, दिवेलागणीची वेळ. पाचही एकदम धरायला गेलीस तर आठवड्यात सगळ्या सुटतील. तू मुसल्ला अंथरलास की शेजारी त्यांचे दोन अंथर, आणि धाकटी मध्येच पाठीवर चढली तर चढू दे. पैगंबर नात उमामाला अंगावर घेऊन नमाज पढत, सजद्याला जाताना खाली ठेवत, उभं राहताना परत उचलत. हे ठाऊक असूनही आपल्याकडं पोरं जरा हसली की मागच्या रांगेतून म्हातारे वसकन ओरडतात. ओरडू देत.

रोजाचा प्रश्न रमजानपर्यंत येईलच, थोरला हट्ट करेल. त्याच्यावर फर्ज नाही. दुपारपर्यंतचा धरू दे, सध्या रमजान उन्हाळा तापायच्या आधी येतोय, तेवढं जमतं. मदिन्यातल्या आया रोजा धरलेल्या लहानग्यांना लोकरीची खेळणी करून द्यायच्या, भूक लागून रडलं की खेळणं पुढं करायचं. पहिल्या रोजाचा मोठा कार्यक्रम, हार, फोटो हे मला पटत नाही, मंडपात मिरवलेलं पोर पाणी मागायला लाजतं. जकातीसाठी, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेल्या दानासाठी, दोघांच्या गल्ल्याला हिशेब लाव : चाळिसावा हिस्सा, म्हणजे ४० रुपयांत १ रुपया. त्यांना ती लागू नाही, पण हात मोकळा व्हायला हेच वय. कुणाला द्यायचं ते त्यांनाच ठरवू दे.

गड्ड्याचं. होम मैदानावर पाळण्यात मी लहानपणी बसलेय, अब्बांनी नेलं होतं, आणि पाळण्यात बसल्यानं माझा कलमा कुठं गेला नाही. काही घरांत हे चालत नाही, तुमच्यात काय ते तुम्ही नवरा-बायको बसून ठरवा, पण मुलासमोर वाद नको. त्याला फरक सांग : इबादत आपली एकाच अल्लाहची, बाकी दोस्ताचा हात धरून जत्रा बघणं, त्यानं दिलेला तिळगूळ खाणं, ही शेजारधर्माची गोष्ट. तुम्हांला तुमचा दीन, मला माझा, हे कुरआनातच आहे, सूरह काफिरूनच्या शेवटी. जाता-येता चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांब. धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांनाही फाशी झाली, संक्रांतीच्या तोंडावर. ती नावं तुझ्या मुलालाच मोठ्यानं वाचू दे.

राहिलं तुझं अरबी. लाज वाटते म्हणून तू लिहिलंस आणि मग ते खोडलंस, खोडलेलंही दिसतं. मी अलिफ-बे ४१ व्या वर्षी शिकले. शिकवणारी माझीच मुलगी, आठ वर्षांची. 'ऐन' काही केल्या येईना, मी साधा 'अ' म्हणायची. ती माझ्या गळ्यावर बोट ठेवून म्हणायची, "अम्मा, इथून." तासभर बोट ठेवून बसली होती. दुसऱ्या दिवशी तीच कुणी न सांगता पुस्तक घेऊन आली, कारण तिला शिकवायचं होतं. जो अडखळत, कष्टानं कुरआन वाचतो त्याला दुप्पट सवाब, म्हणजे पुण्य, आहे, ही हदीस मला तेव्हा कळली. सासूबाईंनी पुन्हा टोमणा मारला तर म्हण, "हां अम्मा, नै आता, सीकरी मैं." आणि त्यांनाही येत नसेल, माझा तसा अंदाज आहे, तर जवळ बसवून घे.

तू मुलाला शिकवतेस असं करू नकोस. तो तुला शिकवतोय असं कर. महिनाभरात तो जितकं शिकला तितकं तुला सांगेल, तू चुकलीस की हसेल, हसू दे. उस्तादांकडं परत जायचं नाव तोच काढेल, पुढचं अक्षर विचारून यायला.

विजापूर वेशीत नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घ्यायला गेलीस की दोन घे.

— आपा