जिना कोण शिकवतं, ते विचारा

प्रश्न: मी इस्लामपूरला बांधकामाची छोटी कंत्राटं घेतो, मूळचा गवंडी. मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, नाटा या प्रवेशपरीक्षेचा स्कोअरही बरा आलाय. दोन कॉलेजं मनात आहेत. एकाची इमारत नवी, काचेची. वर्गात एसी, शिक्षक सगळे पूर्णवेळ. दुसरं जुन्या इमारतीत आहे. तिथे निम्मे शिक्षक बाहेरून येतात, त्यांची स्वतःची ऑफिसं आहेत. नातेवाईक म्हणतात, व्हिजिटिंगवाल्यांच्या कॉलेजात घालू नका, ते मन लावून शिकवत नाहीत. काय बघून ठरवू?

उत्तर:

नमस्कार,

तुम्ही शिक्षकांबद्दल विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. माझ्याकडे येणारे बहुतेक पालक फी, होस्टेल आणि प्लेसमेंट एवढंच विचारतात. बी.आर्क. हा पाच वर्षांचा कोर्स पुस्तकातून कमी आणि माणसाकडून जास्त शिकायचा असतो. मुलगी आराखड्याचं शीट घेऊन शिक्षकासमोर बसते, तो त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने दुरुस्ती दाखवतो, ती रात्री पुन्हा काढते. असं पाच वर्षं चालतं. समोर बसलेला माणूस कच्चा असेल तर एसीचा काही उपयोग नाही.

एका दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. विषय बिल्डिंग कन्स्ट्रक्शन. एका मुलीने जिन्याचं शीट लावलं होतं. रेषा इतक्या स्वच्छ की बघत राहावं. मजल्याची उंची ३ मीटर, १५० मिलिमीटरच्या २० चढाच्या पायऱ्या, मधे लँडिंग म्हणजे वळायचा सपाट टप्पा, आणि लँडिंगखालून मागच्या खोलीत जायची वाट. बाई काही बोलल्या नाहीत. पर्समधून टेप काढली, तिला भिंतीपाशी उभं केलं आणि हिशेब तिलाच करायला लावला. दहा पायऱ्या म्हणजे १५०० मिलिमीटर, त्यातून स्लॅबची जाडी १५० वजा. बाईंनी भिंतीवर १३५० ला खडूची रेघ मारली. रेघ त्या मुलीच्या खांद्याच्या आसपास आली. "आता जा बरं खालून," एवढंच म्हणाल्या. वर्गातलं एकही पोर ती चूक जन्मात करणार नाही.

त्या बाई व्हिजिटिंग होत्या. सकाळी साइटवर स्लॅबची सळई तपासून आल्या होत्या.

स्वतः बांधणारी माणसं शिकवायला येणं ही या क्षेत्राची जुनी रीत आहे. मुंबईच्या जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजात क्लॉड बॅटली यांनी पिढ्या घडवल्या, तेव्हा ते ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे भागीदारही होते. जुने वाडे, देवळं मुलांकडून टेप लावून मोजून घेण्यावर त्यांचा भर असे. आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे त्याच जे.जे.तून निघाले, पुढे हार्वर्डला नामवंत आर्किटेक्ट वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांच्या आजोबांचा फर्निचरचा कारखाना होता. दोशींनी १९६२ साली अहमदाबादला आर्किटेक्चरचं कॉलेज सुरू केलं, जे आज सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. स्वतःचं ऑफिस त्यांनी बंद केलं नाही. आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा प्रित्झकर पुरस्कार त्यांना २०१८ साली मिळाला. लाकडाच्या भुशात वाढलेल्या त्या मुलाचं उदाहरण मी मुद्दाम देतोय. तुमची लेकही सिमेंटच्या गोण्या बघत वाढली आहे. ती तिची शिदोरी आहे, हे तिला घरातूनच कळू द्या.

आता नातेवाईकांची शंका. ती अगदीच खोटी नाही. बाहेरून येणाऱ्याचं स्लॅब कॉंक्रीटिंग नेमकं वर्गाच्या दिवशी निघालं की पोरं शीट घेऊन ताटकळतात. सगळाच कारभार व्हिजिटिंगवर असेल तर मुलीची पाच वर्षांची वाटचाल लक्षात ठेवणारं कुणी उरत नाही. कोण मागे पडतंय, कोण घरच्या अडचणीने गप्प झालंय, हे रोज येणाऱ्यालाच दिसतं. इतिहास, शेवटच्या वर्षाचा प्रबंध, याला तर ठाण मांडून बसलेलाच माणूस लागतो. म्हणून निम्मे-निम्मे असणं मला दोष वाटत नाही. उलट, सगळे पूर्णवेळ आहेत पण एकानेही दहा वर्षांत घर बांधलेलं नाही, अशा जागी बांधकाम तंत्रज्ञान शिकवलं जातं ते जुन्या शीटवरून नवी शीट उतरवून. ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. आधी कॉलेजला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची चालू वर्षाची मान्यता आहे ना, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. त्यात तडजोड नको. मग नोंदणी क्रमांकांसह शिक्षकांची यादी मागा. आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक 'सीए', मग वर्ष, मग आकडा असा असतो, त्यातल्या वर्षावरून नोंदणी कधीची ते कळतं. यादीत सगळेच गेल्या दोन-तीन वर्षांतले असतील तर जरा थांबा. स्ट्रक्चर्स, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा विषय, सिव्हिल इंजिनिअर शिकवत असेल तर घाबरू नका, तो त्याचाच विषय आहे. फक्त तो मुलांच्या डिझाइनच्या शीटवरही येऊन बोलतो का, ते विचारा. दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल आर्किटेक्ट राज रेवाल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी मिळून उभा केला होता. २०१७ साली तो पाडला तेव्हा कित्येकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. दोन्ही डोकी एका टेबलावर बसायची सवय कॉलेजातच लागली पाहिजे.

एक जागा मात्र चुकवू नका, ती म्हणजे वर्कशॉप. तिथला सुतार किंवा गवंडी कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. हत्यारांना धार आहे की गंज, फळ्यांवर या वर्षीचा भुसा आहे की धूळ, हे तुम्हाला एका नजरेत कळेल. मुलांनी विटांची भिंत रचलेली असेल तर खिशातला ओळंबा लावून बघा. आर्किटेक्ट लॉरी बेकर केरळात विटा उभ्या ठेवून पोकळ रॅट-ट्रॅप बाँड रचून घ्यायचे, त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. तसली भिंत मुलांनी स्वतःच्या हाताने रचलेली दिसली, तर त्या कॉलेजात कुणीतरी कळकळीने शिकवतंय असं खुशाल समजा.

दोन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी, दुपारी जा. मुलीला सोबत न्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, जिना कुणी शिकवला? नाव सांगताना चेहरे कसे होतात ते बघा. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीचा पसंतीक्रम लॉक करायच्या आधी मला दोन ओळी लिहा. वर्कशॉपमध्ये काय दिसलं, ते आधी सांगा.