पिनकोडाचे मूळ अवयव

प्रश्न : आमचा पिनकोड ४१३००१. बिलांवर रोज हाच आकडा लिहिता लिहिता त्याचे अवयव पाडण्याचा नाद लागला. ९ ने भाग जाऊन ४५८८९ आले. पुढे ९७ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जाईना. मग ४५८८९ ही मूळ संख्या समजावी का? अंकांची बेरीज ९ येते, ती शुभ मानतात. गणितात तिला काही अर्थ आहे का?
– एक चादर-व्यापारी, सोलापूर

उत्तर : ४५८८९ मूळ नाही, पण आपण अगदी थोडक्यात चुकलात. संख्या मूळ ठरवायची तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते, आणि ४५८८९ चे वर्गमूळ २१४ हून किंचित जास्त असल्यामुळे आपल्याला २११ पर्यंत जाणे भाग होते. ९७ नंतरच्या १०१, १०३ आणि १०७ यांनीही भाग जात नाही. १०९ ने मात्र नि:शेष जातो आणि भागाकार ४२१ येतो. चार भागाकार आणखी केले असते, तर उत्तर हाती आले असते! शाळेतला मूळ संख्यांचा तक्ता शंभरापाशी संपतो, म्हणून पुष्कळजण तिथेच थांबतात. परंतु तेवढ्या तक्त्यावर १०१ च्या वर्गाहून, म्हणजे १०२०१ हून, लहान संख्यांचाच निकाल लागतो.

तेव्हा ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१, आणि तिचे विभाजक एकूण १२.

शुभाशुभाचे गणितात काही नाही. १०, १००, १००० यांना ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज ९ ने भागली जाते तेव्हा संख्याही भागली जाते; अशी संख्या दर नवांत एक असतेच.

खरी मौज १०९ आणि ४२१ मध्ये आहे. दोन्ही मूळ संख्यांना ४ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते : १०९ = १०² + ३² आणि ४२१ = १५² + १४². अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो, हे गणिती ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नित्यसमानतेवरून (कोणत्याही संख्या घातल्या तरी खऱ्या ठरणाऱ्या समीकरणावरून) कळते. त्यानुसार १० × १४ + ३ × १५ = १८५ आणि १० × १५ − ३ × १४ = १०८, म्हणून ४५८८९ = १८५² + १०८². आता १८५ आणि १०८ यांना ३ ने गुणले, की ४१३००१ = ५५५² + ३२४².

नक्षीदार कापड विणणाऱ्या जकार्ड मागासाठी नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, हे आपणांस सांगायला नको. ४२१ × ९८१ चौकटींचा आयताकृती कागद घेतला, तर त्यात नेमक्या ४१३००१ चौकटी येतील, आणि तेवढ्याच चौकटींतून ५५५ च्या बाजूचा एक आणि ३२४ च्या बाजूचा दुसरा असे दोन चौरस, एकही चौकट वाया न जाता, मांडता येतील. नित्यसमानतेतील चिन्हे बदलून ५७६² + २८५² ही दुसरी जोडीही मिळते. तिसरी मात्र नाही.