‘गाईज’ आणि छत्तीस पिंपं

प्रिय मुली,

घोळक्याला हाक मारायच्या इंग्रजी ‘गाईज’ (guys) शब्दावरचा तुझा लेख वाचला. ‘गाईज म्हणजे मुळात पुरुष, म्हणून बायकांना गाईज म्हणणं चूक’ हे तुझं वाक्य मी पेन्सिलीनं खोडलंय.

मुळाशीच जायचं तर पुरुषापाशी कशाला थांबतेस? मूळ एका माणसात आहे, गाय फॉक्स. (नावावर हसू नकोस. मी हसून घेतलंय.) नोव्हेंबर १६०५ मध्ये लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सखालच्या तळघरात बंदुकीच्या दारूच्या ३६ पिंपांसह तो सापडला. राजा पहिल्या जेम्सला पार्लमेंटसकट उडवायचा कट होता. पकडल्यावर पठ्ठ्यानं नाव सांगितलं, जॉन जॉन्सन! लपवलेलं नाव पुढे जगभर झालं.

राजा वाचला म्हणून दर ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटू लागल्या, पुढे त्यांत फॉक्सचा पुतळाही जळू लागला. पोरं जुन्या कपड्यांत पेंढा कोंबून पुतळा करायची, तो मिरवत ‘गायसाठी एक पेनी’ मागायची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गबाळ्या, विचित्र वेशातल्या माणसालाच ‘गाय’ म्हणू लागले. आपलं बुजगावणंच. अमेरिकेत गेल्यावर शब्दातली टिंगल गळाली आणि उरला नुसता ‘माणूस’, म्हणजे पुरुष.

अनेकवचनाची गोष्ट निराळी. इंग्रजीत ‘यू’ एकालाही आणि दहांनाही. ती अडचण अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’नं (‘यू ऑल’चं आखूड रूप) भागवली, इतरत्र बऱ्याच ठिकाणी ‘यू गाईज’नं. आपलं ‘तुम्ही’ आदराचंही आणि अनेकांचंही, म्हणून आपण ‘तुम्ही लोक’ म्हणतोच की. त्यामुळे ‘यू गाईज’मध्ये बायका सहज बसतात, पण एकवचनात ‘गाय’ अजून बाप्याच. तुझा लेख खरा इथे आहे.

‘राव’ घे. राजाचा शब्द, आज तू मैत्रिणीला ‘काय राव’ म्हणतेस. तिथे कुणी राज्य मागत नाही.

मात्र तुझ्या ऑफिसातल्या बाईंना ‘गाईज’ खटकतं, ते खोटं ठरवू नकोस. त्यांचं खटकणं आजचं आहे, त्याला १६०५ चा दाखला लागत नाही. त्यांच्याशी बोल, आणखी चौघींशी बोल, आणि त्या जे म्हणतील ते तसंच लिही.

दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव. सुरुवात तळघरापासून कर, व्याख्येपासून नको.

तुझा,
काका