डबल रूम म्हणजे खाटा किती?

प्रश्न : ताई, मी साखळीची. आत्या साताऱ्याहून येतेय, सोबत काका, त्यांचा मुलगा, सून आणि ८ वर्षांचा नातू. मंगेशीला अभिषेक आहे आणि मग दोन रात्री कोलव्याला राहायचं म्हणतायत, बुकिंग माझ्याकडे आलंय. ॲपवर डबल, ट्विन, क्वीन, ट्रिपल, डिलक्स असं काय काय दिसतंय, नक्की काय घेऊ? आत्याचे गुडघे दुखतात आणि काकांना रात्री ३-४ वेळा उठावं लागतं.

उत्तर : काकांचं रात्रीचं उठणं लिहिलंत ते फार बरं केलंत. मागच्या मे महिन्यात मी आईबाबांसाठी कळंगुटला डबल रूम घेतली, मला वाटलं डबल म्हणजे दोन खाटा, आणि जाऊन बघते तर एकच पलंग, तोही भिंतीला टेकवलेला. भिंतीकडे बाबा. उठायचं तर आधी आईला उठवायचं, म्हणून बाबांनी संध्याकाळी ७ नंतर पाणी पिणंच बंद केलं, ते पण मे महिन्यात! मला तिसऱ्या दिवशी कळलं, उशाची बाटली भरलेली तशीच होती. अजून आठवलं की जीव कळवळतो. डबल म्हणजे दोन माणसांची खोली एवढंच, खाटा किती ते त्या शब्दात नसतंच, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

तर आत्या-काकांना ट्विन घ्या. ट्विन म्हणजे दोन वेगळे सिंगल बेड, साधारण ३-३ फुटांचे. एकच मोठा पलंग असेल तर क्वीन साधारण ५ फूट रुंद आणि किंग ६ फूट. पण बऱ्याच ठिकाणी दोन सिंगल जोडून वर एकच चादर घालतात आणि त्यालाच किंग म्हणतात, आधी सांगितलं तर ते वेगळेही करून देतात. आणि "डबल किंवा ट्विन" असं लिहिलं असेल तर त्या दिवशी जे रिकामं असेल ते मिळणार, त्यावर विसंबू नका.

मुलगा-सून-नातवाला ट्रिपल बघा, पण फोटो नीट बघून. कुठे तीन सिंगल असतात, कुठे एक डबल एक सिंगल, तर कुठे डबल अधिक एक्स्ट्रा बेड, म्हणजे बहुतेकदा घडीची खाट नाहीतर खाली गादी. "३ गेस्ट" याचा अर्थ तीन बेड असा होत नाही. ८ वर्षांच्या पोराला खालची गादी चालते हो, उलट आवडते, फक्त बुकिंग करताना त्याचं वय खरं टाका, लहान मुलांची वयाची अट प्रत्येक हॉटेलची वेगळी असते आणि मग काउंटरवर जास्तीचे पैसे मागतात.

पाचांना मिळून एकच फॅमिली रूम मी तरी घेणार नाही, बाथरूम बहुधा एकच. दोन खोल्या जवळ हव्यात तर कनेक्टिंग विचारा, त्यात मधे दार असतं. अ‍ॅडजॉइनिंग म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. डिलक्स, सुपिरियर याला ठरलेलं माप नाही, एकाचं डिलक्स ते दुसऱ्याचं साधं.

आत्यासाठी मात्र तीन गोष्टी फोन करून विचाराच, खोली तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का (आपल्याकडे जुन्या घरांची गेस्टहाऊसं झालीत तिथे नुसता जिना असतो), कमोड आहे का, आणि पलंग गुडघ्याएवढा उंच आहे का. हल्ली ते बुटके पलंग आलेत ना, बसायला जमतं पण उठताना हात द्यावा लागतो. फोनवर हो म्हणाले की तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा, "दोन वेगळे बेड, भिंतीला न टेकवलेले" असं स्पष्ट.

अभिषेक पहिल्या दिवशीच ठेवा. बहुतेक हॉटेलांत चेक-इन दुपारी २ च्या आसपास असतं, सकाळी मंगेशी आटोपून, फोंड्यात जेवून, सावकाश कोलव्याला पोचलात तर खोली तयार असेल आणि आत्याला लगेच पाय पसरता येतील.