पायथॉनमध्ये यादीवरचं काम चार प्रोसेसमध्ये वाटलं, तरी वेळ वाढला आणि निकालाची यादी रिकामीच. असं का?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचे कास्टिंगचे फोटो उघडून तुम्ही यादीत भरले, ती यादी मल्टिप्रोसेसिंगच्या पूलला (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसच्या गटाला) दिली आणि फंक्शनमधून बाहेरच्या दुसऱ्या यादीत अपेंड केलं. ती दुसरी यादी रिकामीच राहणार. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी; अपेंड झालं ते पूलने सुरू केलेल्या चाइल्ड प्रोसेसकडच्या प्रतीत, आणि प्रोसेस संपली की तेही गेलं. फंक्शनने उत्तर रिटर्न करायचं आणि पूलच्या मॅपकडून, म्हणजे यादीतल्या प्रत्येक वस्तूवर फंक्शन चालवणाऱ्या मेथडकडून, उत्तरांची अख्खी यादी घ्यायची. कोणती प्रोसेस आधी उरकली तरी क्रम मूळ यादीचाच राहतो.

वेळेचं कारण वेगळं आहे. यादीतली प्रत्येक वस्तू चाइल्डकडे पिकल होऊन, म्हणजे बाइट्समध्ये बांधली जाऊन, जाते, तिथे उलगडते, उत्तरही तसंच परत येतं. तुम्ही उघडलेला फोटो पाठवताय, म्हणजे एकेका फोटोमागे कित्येक एमबीची ने-आण. फक्त फाइलचं नाव पाठवा. फोटो उघडणं, लहान करणं, तडा शोधणं सगळं फंक्शनच्या आत होऊ द्या, आणि परत येऊ दे नुसतं पास की फेल. गोकुळ शिरगावला आमच्याकडे ड्रॉइंगच्या फाइली मी अशाच तपासतो. माझ्या मते एवढ्या एका बदलाने जो फरक पडतो, तो प्रोसेस वाढवून पडत नाही. प्रोसेस कोअरच्या संख्येइतक्याच ठेवा.

काम अगदी चिमुकलं असेल तर चंकसाइझ, म्हणजे एका खेपेला किती वस्तू पाठवायच्या तो आकडा, बघा. पूलचा मॅप स्वतःहून यादीचे मोठे तुकडे पाडतो, पण पूलचाच आयमॅप (उत्तरं एकेक करून देणारा मॅप) आणि पायथॉनच्या दुसऱ्या पूलचा, प्रोसेसपूलएक्झिक्युटरचा, मॅप सांगितलं नाही तर एकेक वस्तूच पाठवतात. ऊस एकेक कांडं करून कोणी ट्रॉलीत टाकत नाही, मोळी बांधतात; तसं शंभर-दोनशेचा चंक द्या. नुसती बेरीज-गुणाकार असेल तर मात्र साधा लूपच बरा. आणि फोटो सर्व्हरवरून उतरवायचे असतील तर थ्रेड (एकाच प्रोसेसमधले, मेमरी सामायिक असणारे कामाचे धागे) पुरतात, कारण एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप, जीआयएल, नेटवर्कची वाट बघताना मोकळं असतं.

तुमचं मशीन विंडोजचं आहे. तिथे चाइल्ड तुमची फाइल पुन्हा इम्पोर्ट करतं, म्हणून पूल सुरू करणारा कोड ‘इफ नेम मेन’च्या (if __name__ == "__main__":) आतच हवा; नाहीतर एररवर एरर येत राहतात. लॅम्डा (एका ओळीतलं बिननावाचं फंक्शन) पिकल होत नाही, म्हणून फंक्शन फाइलच्या वरच्या पातळीवर डेफने लिहा.